बुरशीचं औषध घेण्याआधी : यीस्ट इन्फेक्शनचा उपचार पायरी-पायरीने

अंगावरून पांढरं जातंय, खाज थांबत नाही, लघवीला बसलं की आग होते आणि हे कुणाला सांगावं ते कळत नाही. अशा वेळी सांगली-मिरजेतसुद्धा पहिली चक्कर होते ती मेडिकलच्या काउंटरवर. मिरजेत वॉनलेस हॉस्पिटल १८९४ मध्ये सुरू झालं, शासकीय मेडिकल कॉलेज १९६२ मध्ये. पार कर्नाटकातून लोक इथं उपचाराला येतात. आणि इथलीच बाई गर्दी जरा कमी व्हायची वाट बघते, दबक्या आवाजात "खाजेची ट्यूब द्या" म्हणते आणि मिळेल ती पर्समध्ये टाकून घरी येते.

या सगळ्या फेऱ्यातून मी गेले आहे, आधी स्वतःसाठी आणि मग सासूबाईंसाठी. त्यातून पक्कं झालेलं एकच सांगते: नेमकं काय झालंय हे कळेपर्यंत औषध विकत घेऊ नका. खाली औषधांची नावं आणि मात्रा दिल्या आहेत त्या तुमच्या हातातली चिठ्ठी तुम्हाला वाचता यावी म्हणून. चिठ्ठी लिहायची ती डॉक्टरांनीच.

१. हे यीस्टच आहे का, ते आधी बघा

यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. आपल्या बाबतीत बहुतेक वेळा ती कॅन्डिडा अल्बिकन्स असते. ती बाहेरून येऊन चिकटते असं नाही. धडधाकट माणसाच्या तोंडात, आतड्यात, योनीमार्गात ती थोडीफार असतेच. अँटिबायोटिकचा कोर्स झाला, शुगर वाढली, दिवस गेले किंवा स्टिरॉइड चालू असलं की ती बळावते. चारातल्या तीन बायकांना आयुष्यात एकदा तरी हा त्रास होतो. त्यामुळे "बाई अस्वच्छ असेल" किंवा "नवऱ्यानं बाहेरून आणलं असेल" हे दोन्ही तर्क आधी डोक्यातून काढा. या तर्कांपायी घराघरात जी भांडणं होतात ती आजारापेक्षा जास्त टिकतात.

लक्षणं अशी: जोराची खाज, लाली, सूज, लघवी करताना बाहेरच्या कातडीला झोंबणं, आणि फाटलेल्या दुधासारखा घट्ट, पांढरा स्राव. त्याला फारसा वास नसतो.

वासावर लक्ष ठेवा. पातळ, राखाडी स्राव आणि माशासारखा वास असेल तर बहुधा जिवाणूंचं असंतुलन असतं. पिवळट-हिरवा, फेसाळ स्राव असेल तर ट्रायकोमोनास नावाच्या परजीवीचा संशय घेतात, आणि त्यात नवऱ्यालाही औषध द्यावं लागतं. या दोन्हींवर बुरशीचं औषध चालत नाही. आणि पाळीच्या मधल्या दिवसांत थोडा पांढरा स्राव जाणं हा आजारच नव्हे. खाज नाही, आग नाही, वास नाही, तर त्याला औषध लागत नाही.

पुरुषांनाही हे होतं. शिश्नाच्या पुढच्या भागावर लाली, खाज, कातडीखाली पांढरा थर. गावाकडं हे महिनोन्‌महिने लपवलं जातं. चाळिशीच्या पुढच्या माणसाला असं झालं तर ट्यूबच्या आधी शुगर तपासा. मधुमेह आहे हे कित्येकांना पहिल्यांदा यातूनच कळतं.

२. "अँटिबायोटिक द्या" म्हणण्याआधी

घसा, दात, लघवीचं इन्फेक्शन यांसाठी आपण अमॉक्सिसिलीन, सेफिक्झिम, अझिथ्रोमायसिन घेतो ती औषधं जिवाणूंवरची. बुरशीला त्यांनी काही होत नाही. उलट योनीमार्गात बुरशीला आवर घालणारे लॅक्टोबॅसिलस जिवाणू या गोळ्यांनी मरतात आणि बुरशीला मोकळं रान मिळतं. कोर्स संपता संपता खाज सुटली तर कारण हेच, आणि त्यावर आणखी एक जोरदार अँटिबायोटिक घेणं म्हणजे त्रास वाढवून घेणं.

बुरशीवरची खरी अँटिबायोटिक्स वेगळी आहेत. निस्टॅटिन हे त्यातलं जुनं. एलिझाबेथ हेझन आणि रेचल ब्राउन या दोघींनी १९५० मध्ये न्यूयॉर्क राज्यात ते शोधलं, मातीतल्या स्ट्रेप्टोमायसिस जातीच्या जिवाणूपासून. आणि हे फक्त अमेरिकेतच झालं असं समजू नका. १९५४ साली आपल्या पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहिला. तिथल्या एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६० च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीविरोधी अँटिबायोटिक काढलं. ज्या जिवाणूपासून ते मिळालं त्याचं शास्त्रीय नावच स्ट्रेप्टोमायसिस पिंपरिना. पुण्याला जाताना पिंपरीवरून आपण किती वेळा गेलो असू, पण मला हे माहीत नव्हतं.

ही औषधं बुरशीच्या पेशीच्या आवरणातल्या अर्गोस्टेरॉल या घटकाला चिकटतात, आवरणाला भोकं पडतात आणि पेशी मरते. आपल्या पेशींत अर्गोस्टेरॉलऐवजी कोलेस्टेरॉल असतं, म्हणून आपण वाचतो. आज चिठ्ठीवर जास्त दिसतात ती क्लोट्रिमॅझोल, फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही कारखान्यात बनवलेली औषधं. ती अर्गोस्टेरॉल तयारच होऊ देत नाहीत.

३. डॉक्टरांकडं जाताना पिशवीत काय घ्याल

- आधार कार्ड आणि जुना केसपेपर किंवा फाइल
- चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या पट्ट्या. नावं लिहून नेऊ नका, पट्ट्याच न्या. शुगर, बीपी, फिट्स, रक्त पातळ करायची गोळी, दम्याचा पंप, सगळं.
- आत्तापर्यंत लावलेल्या ट्यूबा, रिकाम्या असल्या तरी
- गेल्या दोन-तीन महिन्यांत घेतलेल्या अँटिबायोटिकची चिठ्ठी
- शुगरचा शेवटचा रिपोर्ट, शक्यतो तीन महिन्यांची सरासरी सांगणारा एचबीए१सी
- शेवटच्या पाळीची तारीख. पाळी चुकली असेल तर तेही सांगायचं
- वैद्यांचं चूर्ण किंवा कुणी दिलेली बिननावाची पुडी चालू असेल तर तीही

रिकाम्या ट्यूबा नेताना लाज वाटते. पण माझ्या फाइलमधल्या सगळ्या कागदांपेक्षा डॉक्टरांनी जास्त वेळ त्याच उलट्यापालट्या करून वाचल्या.

४. कुठं जायचं

बायकांनी स्त्रीरोग ओपीडीत, पुरुषांनी आणि अंगावर, जांघेत, नखाला त्रास असेल त्यांनी त्वचारोग ओपीडीत. सांगलीचं वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचं शासकीय रुग्णालय, साताऱ्याचं क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय यांतलं जे जवळ असेल ते गाठा. खिडकीवर केसपेपर काढताना "खाज" किंवा "पांढरं जातं" एवढंच सांगितलं तरी कुठल्या ओपीडीत जायचं ते सांगतात. सगळी कहाणी रांगेत सांगायची गरज नाही.

मोठ्या सरकारी रुग्णालयांत "सुरक्षा क्लिनिक" अशी पाटी असते. गुप्तांगाच्या तक्रारींसाठी ती वेगळी खोली असते आणि उपचार मोफत असतात. तिथं रंगावरून ओळखायची औषधांची पाकिटं असतात. पांढरं जाण्यासाठी हिरवं पाकीट. त्यात सेक्निडॅझोल आणि फ्लुकोनॅझोल असतं, म्हणजे जिवाणू-परजीवी आणि बुरशी दोन्हींचा बंदोबस्त. लॅब हाताशी नसेल तेव्हा ही पद्धत बरी. पण त्रास वरचेवर होत असेल तर पाकिटावर भागवू नका, तपासणी मागा.

५. तपासणी : काय करतात आणि तुम्ही काय करू नये

आदल्या रात्री क्रीम किंवा योनीत ठेवायची गोळी नको. सकाळी आतून पाण्यानं धुणं, डेटॉल, "इंटिमेट वॉश" काही नको. हे केलं की नमुना बिघडतो आणि रिपोर्ट निगेटिव्ह येतो. बऱ्याच जणी तपासणीला जायचं म्हणून नेमकं हेच करून जातात.

कापसाच्या काडीनं स्राव घेतात, काही सेकंदांचं काम. लग्न झालेलं नसेल तर तसं आधी सांगा, उपकरण न घालताही नमुना घेता येतो. स्राव काचपट्टीवर घेऊन त्यावर १० टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात. त्यानं कातडीच्या पेशी विरघळतात आणि बुरशी तेवढी राहते. लॅबमधल्या बाईंनी मला भिंगाला डोळा लावून बघू दिलं. फिकट पसाऱ्यात लांबट काड्या होत्या आणि काड्यांच्या कडेला फुटलेले बारीक अंडाकृती कोंब. "हे कोंब दिसले की यीस्ट," त्या म्हणाल्या आणि पुढची पट्टी लावली.

ही तपासणी स्वस्त असते आणि रिपोर्ट बहुतेक वेळा त्याच दिवशी मिळतो. त्रास परत परत होत असेल तर कल्चर करायला सांगतात. त्यात बुरशी वाढवून तिची नेमकी जात ओळखतात आणि कोणतं औषध चालेल ते बघतात. त्याला दोन-तीन दिवस किंवा थोडे जास्त लागतात.

६. औषध कसं घ्यायचं

पहिल्यांदाच झालेलं, साधं इन्फेक्शन असेल तर दोन वाटा असतात. एक म्हणजे फ्लुकोनॅझोल १५० मिलिग्रॅम, तोंडाने एकदाच. दुसरी म्हणजे क्लोट्रिमॅझोलची योनीत ठेवायची गोळी: १०० मिलिग्रॅमची सहा-सात रात्री, २०० ची तीन रात्री किंवा ५०० ची एकदाच. दोन्हींचा गुण सारखाच. त्रास जास्त असेल तर फ्लुकोनॅझोलची दुसरी गोळी ७२ तासांनी देतात.

"एका गोळीनं काय होणार" म्हणून रोज एक घेऊ नका. ती गोळी अंगात काही दिवस टिकते. खाज कमी व्हायला एक ते तीन दिवस, पूर्ण बरं व्हायला आठवडाभर धरा.

योनीत ठेवायची गोळी रात्री झोपताना, हात धुऊन, आडवं पडून ठेवायची. सोबतची प्लॅस्टिकची नळी असेल तर गोळी तिच्या टोकाला बसवायची, गुडघे वर घेऊन नळी आत सरकवायची आणि मागचा दट्ट्या दाबायचा. जोर लावायचा नाही. गरोदर बाईनं नळी न वापरता बोटानंच ठेवावी. सकाळी थोडा पांढरा भुगा बाहेर येतो, तो औषधाचाच असतो. शक्यतो पाळी संपल्यावर सुरू करा. आणि ही गोळी किंवा क्रीम चालू असताना कंडोमवर भरवसा ठेवू नका, त्यातल्या तेलकट घटकांनी रबर कमजोर होतं.

सगळ्यात महत्त्वाचं: गरोदर असाल किंवा तशी शक्यता असेल तर फ्लुकोनॅझोलची गोळी घ्यायची नाही. त्या काळात योनीत ठेवायचं औषधच सात दिवस देतात.

फ्लुकोनॅझोल इतर गोळ्यांच्या कामात ढवळाढवळ करतं. शुगरची ग्लिमेपिराइड चालू असेल तर शुगर एकदम खाली येऊ शकते. रक्त पातळ करायची वॉरफॅरिन चालू असेल तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. फिट्सची फेनिटॉइन आणि कोलेस्टेरॉलच्या काही गोळ्यांशीही त्याचं पटत नाही. पट्ट्या घेऊन जा म्हटलं ते याचसाठी.

इट्राकोनॅझोलची कॅप्सूल दिली असेल तर ती जेवणानंतर लगेच घ्या. तिला पोटात आम्ल लागतं. आपल्याकडं अर्ध्या घरात सकाळी उपाशीपोटी अ‍ॅसिडिटीची पँटोप्राझोल घेतली जाते. ती चालू असेल तर कॅप्सूल अंगी लागत नाही, आणि मग महागाचं औषध घेऊनही गुण का नाही म्हणून आपण डॉक्टर बदलतो.

ही औषधं जुनी आहेत, मूळ नावानं जनऔषधी केंद्रात बरीच स्वस्त मिळतात. चिठ्ठीवर मूळ नाव लिहून मागा.

७. काउंटरवरचे सापळे

ट्यूबच्या मागच्या बाजूची बारीक अक्षरं वाचायची सवय लावा. क्लोबेटासॉल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन यांपैकी एक जरी नाव दिसलं तरी ती स्टिरॉइड असलेली ट्यूब आहे. बऱ्याचदा त्यातच क्लोट्रिमॅझोल किंवा मायकोनॅझोल आणि जोडीला निओमायसिन किंवा जेंटामायसिन असतं. एका ट्यूबमध्ये तीन-तीन औषधं, म्हणून ती दुकानदाराला सोयीची आणि आपल्याला भारी वाटते. दोन दिवसांत खाज गायब होते. बुरशी मात्र आत पसरत राहते, ट्यूब बंद केली की दुपटीनं उठते. मांडीच्या सांध्यातली कातडी पातळ होते आणि तिथं पडलेले पांढरट चट्टे आयुष्यभर जात नाहीत. २०१८ मध्ये सरकारनं अशा स्टिरॉइड मलमांवर चिठ्ठीचं बंधन घातलं. तरी आमच्या भागातल्या एका दुकानात मला विचारपूस न करता तीच ट्यूब मिळाली, वर "एकदम जालीम आहे" अशी शिफारस.

दुसरा सापळा ग्रिझिओफल्विनचा. बुरशीवरचंच औषध, पण गजकर्णाच्या बुरशीवरचं. कॅन्डिडावर त्याचा उपयोग नाही. जावेच्या नायट्याला गुण आला म्हणून तिच्या उरलेल्या गोळ्या तुम्ही घेतल्यात तर वेळ तेवढा जाईल.

तिसरा घरगुती उपायांचा. आपण हळदीच्या गावचे, त्यामुळे कशालाही हळद. जेवणात हवी तेवढी घाला. योनीत हळद, दही, लसूण, लिंबू, तुरटी यांतलं काहीही घालू नका. सुजलेली कातडी आणखी सोलते. कोमट पाण्यानं बाहेरून धुणं आणि नीट कोरडं करणं पुरतं. सुती अंतर्वस्त्रं, उन्हात वाळवलेली. पावसाळ्यात ओलसर कपडे अंगावर चढवण्यापेक्षा इस्त्री फिरवून घ्या.

८. वर्षातून तीन-चारदा होत असेल तर

हे "वरचेवरचं" इन्फेक्शन, त्याचा उपचार वेगळा. आधी शुगर बघतात. मधुमेह असेल तर गोळ्यांची नावं बघा: डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन ही औषधं जादा साखर लघवीतून बाहेर काढतात. हृदयाला आणि किडनीला ती चांगली, पण लघवीच्या जागी साखर आली की यीस्टला खाऊ मिळतो. सासूबाईंची खाज ही गोळी सुरू झाल्यावरच चालू झाली होती, आणि घरात सगळे साबणाला दोष देत होते. अशी गोळी स्वतःहून बंद करू नका. ज्यांनी ती सुरू केली त्या डॉक्टरांना खाजेबद्दल सांगा. शुगरच्या डॉक्टरांशी हे बोलायचं असतं हेच आपल्या लक्षात येत नाही.

कल्चरमध्ये अल्बिकन्स आली तर आधी दर तीन दिवसांनी अशा तीन गोळ्या आणि मग आठवड्याला एक फ्लुकोनॅझोल, सहा महिने, असा कोर्स देतात. महिनाभरात बरं वाटतं आणि इथंच लोक थांबतात. थांबू नका.

कॅन्डिडाचीच ग्लाब्राटा किंवा क्रुसेई ही दुसरी जात निघाली तर फ्लुकोनॅझोलवर विसंबता येत नाही. तेव्हा डॉक्टर कधी बोरिक अ‍ॅसिडच्या ६०० मिलिग्रॅमच्या कॅप्सूल दोन आठवडे योनीत ठेवायला देतात. ही कॅप्सूल तोंडाने घेतली तर विष आहे, आणि गरोदरपणात चालत नाही. घरात लहान मूल असेल तर कुलपात ठेवा.

नवऱ्याला त्रास नसेल तर त्याला औषधाची गरज सहसा नसते.

९. घरातली बाकीची माणसं

तान्ह्या बाळाच्या जिभेवर आणि गालाच्या आत पांढरा थर, जो पुसून निघत नाही: हेही यीस्टच. दुधाचा थर पुसला जातो. डॉक्टर निस्टॅटिनचे थेंब देतात, ते दूध पाजून झाल्यावर दोन्ही गालांत लावायचे. आईची बोंडं दुखत, सोलत असतील तर तिलाही औषध लागतं. आजीबाई मधात टाकणखार कालवून बोट फिरवतात, ते ठामपणे थांबवा. टाकणखार बाळाला विषारी आहे आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध देतच नाहीत.

कवळी असलेल्यांच्या टाळूवर कवळीच्या आकाराची लाली दिसते. कवळी रात्री काढून, घासून पाण्यात ठेवायची. नुसत्या तोंडाच्या औषधानं भागत नाही, कारण बुरशी कवळीवरही बसलेली असते. दम्याचा पंप घेणाऱ्यांनी प्रत्येक वेळी चूळ भरून टाकावी.

दिवसभर भांडी-धुण्याच्या पाण्यात हात असणाऱ्या बायकांच्या नखाच्या मुळाशी जुनी, दुखरी सूज राहते. हे जुनाट नखुरडं. हात कोरडे राहिले नाहीत तर कुठलीच ट्यूब त्याला पुरी पडत नाही, आणि राहिले तरी बरं व्हायला काही महिने जातात. पाठीवरची, मानेवरची शिबंही एका यीस्टमुळेच होतात, मॅलासेझिया तिचं नाव. त्यावर केटोकोनॅझोलचा शाम्पू लावायला देतात. बुरशी गेली तरी कातडीचा रंग परत यायला महिने लागतात, म्हणून औषध वाढवत बसू नका.

१०. वाट बघायची नाही अशा वेळा

- पांढरं जाण्याबरोबर ताप, ओटीपोटात दुखणं किंवा पाळी नसताना रक्त
- गरोदरपण
- औषध पूर्ण घेऊनही आठवड्यात फरक नाही
- मोठ्या माणसाच्या तोंडात पांढरा थर आणि गिळताना दुखणं. अशा वेळी शुगरबरोबर एचआयव्हीची तपासणीही करून घ्या. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसी केंद्रात ती मोफत आणि गुप्त होते.
- मधुमेही माणसाच्या जांघेत किंवा स्तनाखाली झपाट्यानं पसरणारी, पाणी सुटणारी लाली

आणि एक शेवटचं, यीस्टचं नव्हे पण बुरशीचंच, आपल्या ऊसपट्ट्यातलं. तोडणीत उसाचं पान डोळ्याला लागलं आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोळा लाल झाला, पाणी गळू लागलं, उजेड सहन होईना, तर मेडिकलमधून लालीचे थेंब आणून घालू नका. त्यात स्टिरॉइड असलं तर बुबुळात शिरलेली बुरशी फोफावते आणि डोळा जातो. त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडं जा. बुरशी निघाली तर ते नॅटामायसिनचे थेंब देतात. ते सुरुवातीला तासातासानं घालावे लागतात, म्हणून घरातलं एक माणूस त्या कामाला ठेवा.